तीस रुपयांचा हिशेब

खासदार चांगला की वाईट, हे ठरवायची आमच्या भागात एक सोपी पट्टी आहे. मय्यतीला आला होता का? मुलीच्या निकाहाला पाच मिनिटं तरी टेकला का? ईदला शीरखुर्मा घ्यायला थांबला का? कब्रस्तानच्या भिंतीला पैसे दिले का? चारपैकी तीन उत्तरं 'हो' आली की तो आपला माणूस. मग पाच वर्षं दिल्लीत त्याने काय केलं, हे विचारणं म्हणजे बेअदबी.

ही पट्टी फक्त मुसलमानांची आहे असं नाही. किहीम, चोंढी, अलिबाग, कुठल्याही आळीत जा. पालखीला आला का, क्रिकेटच्या सामन्यांना चषक दिला का, समाजमंदिरावर पत्रे टाकले का, हेच प्रश्न. देव बदलतो, पट्टी तीच. पण आमच्या मोहल्ल्यांमध्ये या पट्टीने जास्त नुकसान केलंय, म्हणून आधी घरातल्यांशी बोलते.

मी शिक्षिका आहे, उर्दू आणि मराठी शिकवते. विद्यार्थ्याला गुण देताना त्याने पेपरात काय लिहिलंय ते पाहायचं असतं, वर्गात नमस्कार किती छान करतो ते नाही. खासदाराचा पेपर दिल्लीत असतो आणि तो तपासायला आपल्यापैकी कुणीच बसत नाही.

आधी पैशांचं बोलू, कारण पैशांची भाषा सगळ्यांना कळते. खासदार निधी १९९३ मध्ये सुरू झाला. २०११-१२ पासून तो वर्षाला ५ कोटी रुपये आहे. हा पैसा खासदाराच्या हातात येत नाही. तो कामं सुचवतो आणि जिल्हा प्रशासन ती मंजूर करतं. आपल्या रायगड मतदारसंघात पेण, अलिबाग, श्रीवर्धन, महाड आणि रत्नागिरीतले दापोली, गुहागर असे सहा विधानसभा मतदारसंघ येतात. मतदार सोळा लाखांच्या वर. ५ कोटींना सोळा लाखांनी भागा. एका मतदाराच्या वाट्याला वर्षाला तीस रुपयांच्या आसपास येतात. भिंत, शेड, हायमास्ट दिवा, रुग्णवाहिका, सगळं या तीस रुपयांतून.

आता दुसरा भागाकार. २०२४-२५ चा केंद्राचा अर्थसंकल्प ४८ लाख कोटी रुपयांच्या वर होता. देशात मतदार सुमारे ९७ कोटी. म्हणजे मतदारामागे जवळजवळ पन्नास हजार रुपये. हे पन्नास हजार कुठे जाणार, कुठल्या खात्याचे कापले जाणार, कुठली योजना बंद होणार, यावर लोकसभेत बोलायचा आणि मत द्यायचा अधिकार आपल्या खासदाराला आहे. त्यासाठीच त्याला निवडून दिलंय. आणि आपण त्याला विचारतो काय? तीस रुपयांचं. पन्नास हजारांबद्दल आपल्याकडे शुकशुकाट.

कोणत्याही हुशार माणसाला हा सौदा परवडेल. तीस रुपयांची भिंत बांधून द्यायची, कोनशिलेवर नाव कोरून घ्यायचं आणि पन्नास हजारांच्या बाबतीत पाच वर्षं मोकळं राहायचं.

हे हवेतलं वाटत असेल, तर वर्गातलं उदाहरण देते. अल्पसंख्याक मुलांसाठी केंद्राची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती होती. पहिली ते पाचवीच्या मुलाला वर्षाला हजार रुपये. रक्कम लहान वाटेल, पण ज्या घराचं वर्षाचं उत्पन्न लाखाच्या आत आहे, त्या घरात हजार रुपये म्हणजे दप्तर, बूट आणि वह्या. फॉर्म भरायचं काम आम्हा शिक्षकांचं. उत्पन्नाचा दाखला, आधार, बँकेचं पासबुक. आईचं नाव एका कागदावर एक, दुसऱ्यावर दुसरं. पोर्टल रात्री अकरानंतर चालायचं. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये, त्या वर्षीचे अर्ज भरून झालेले असताना, केंद्राने सांगितलं की पहिली ते आठवीला ही शिष्यवृत्ती यापुढे नाही, फक्त नववी-दहावीला. कारण दिलं की शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत शिक्षण मोफतच आहे. मोफत शिक्षणात बूट येत नाहीत, हे दिल्लीत कुणाला सांगायचं?

यासाठी संसदेत कायदा करावा लागला नाही. मंत्रालयातून एक सूचना निघाली आणि विषय संपला. अशा निर्णयाला अडवायची किंवा निदान त्याचा जाब विचारायची एकच जागा असते, ती म्हणजे लोकसभेचं आणि राज्यसभेचं सभागृह. त्याच हिवाळी अधिवेशनात, ८ डिसेंबर २०२२ ला, अल्पसंख्याक मंत्री स्मृती इराणी यांनी लेखी उत्तरात सांगितलं की उच्च शिक्षणासाठीची मौलाना आझाद फेलोशिपही बंद केली आहे. हे उत्तर आपोआप आलं नाही. केरळमधल्या त्रिशूरचे तेव्हाचे खासदार टी. एन. प्रतापन यांनी प्रश्न विचारला, म्हणून आलं.

नाव पुन्हा वाचा. प्रतापन. ना कोकणी, ना मुसलमान, ना आपल्या जातीचे, ना जिल्ह्याचे. आपल्या मुलांच्या फेलोशिपचं काय झालं, हे देशाला कळलं ते त्यांच्या एका प्रश्नामुळे. मग आपला माणूस कोण? निकाहाला येणारा, की प्रश्न विचारणारा?

प्रश्नाने काय होतं, असं विचारणारे पुष्कळ भेटतात. प्रश्नाला काय किंमत आहे, हे ज्यांना धंदा कळतो त्यांना चांगलं माहीत आहे. १९५१ मध्ये, पहिली सार्वत्रिक निवडणूक व्हायच्याही आधी, एच. जी. मुदगल नावाच्या सदस्याची संसदेने चौकशी केली. मुंबईच्या सोन्याचांदीच्या व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून पैसे घेऊन ते संसदेत त्यांची बाजू पुढे करत होते. हकालपट्टी होणार हे दिसल्यावर त्यांनी राजीनामा दिला. ठराव खुद्द पंतप्रधान नेहरूंनी मांडला होता. पुढे २००५ च्या डिसेंबरमध्ये पत्रकारांनी छुप्या कॅमेऱ्याने दाखवलं की प्रश्न विचारण्यासाठी खासदार पैसे घेतात. एकाच दिवशी ११ खासदारांना घरी पाठवलं गेलं, लोकसभेचे दहा आणि राज्यसभेचा एक. त्यांत दोघे आपल्या महाराष्ट्रातले होते, जळगावचे वाय. जी. महाजन आणि एरंडोलचे एम. के. पाटील.

या दोन प्रकरणांवर आपण 'राजकारण घाण आहे' एवढं बोलून थांबतो. मला त्यात वेगळी गोष्ट दिसते. व्यापारी मूर्ख नसतो. ज्या वस्तूचा उपयोग नाही, तिला तो पैसे मोजत नाही. संसदेतल्या प्रश्नाला बाजारात भाव आहे, कारण त्याने मंत्रालयाला लेखी उत्तर द्यावं लागतं, आकडे बाहेर येतात, फाइल हलते. आपल्याला तीच वस्तू मतदार म्हणून फुकट मिळण्याचा हक्क आहे. आणि आपण ती मागतच नाही, हायमास्ट मागतो.

आता कुणी म्हणेल, बाई, खासदार असेच असतात, दिल्ली कुणाला सुटत नाही. म्हणून आपल्याच मतदारसंघाची गोष्ट सांगते. २००९ पूर्वी याचं नाव कुलाबा होतं. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत कुलाब्यातून निवडून गेले चिंतामणराव देशमुख. जन्म महाडजवळच्या नात्याचा, घर रोह्याचं. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, नंतर देशाचे अर्थमंत्री. त्यांच्याहून मोठ्या खुर्चीवर बसलेला खासदार या भागाने क्वचितच पाहिला असेल. मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्रशासित करायचं ठरलं, गोळीबारात माणसं मेली आणि चौकशीही नाकारली गेली, तेव्हा १९५६ च्या जुलैत या माणसाने अर्थमंत्रिपद सोडलं. मंत्रिमंडळाला न विचारता निर्णय होतात, हे त्यांनी लोकसभेत उभं राहून सांगितलं. ते काही रस्त्यावरचे पुढारी नव्हते, इंग्रजी वळणाचे सनदी अधिकारी होते. तरीही ज्या लोकांनी पाठवलं त्यांच्याविरुद्ध जाणाऱ्या सरकारात बसणं त्यांना जमलं नाही. आणि १९५७ मध्ये कुलाब्याच्या मतदारांनी काँग्रेसला बाजूला करून शेतकरी कामगार पक्षाचा खासदार पाठवला. हिशेब दोन्ही बाजूंनी झाला.

दुसरं नाव दि. बा. पाटलांचं. १९७७ आणि १९८४ असे दोनदा ते कुलाब्याचे खासदार होते. नवी मुंबईसाठी जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांच्या लढ्यात, १९८४ च्या जानेवारीत जासईच्या परिसरात गोळीबार झाला, पाच जण गेले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व आलं. त्याच वर्षाच्या शेवटी, इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या लाटेत देशभर काँग्रेस जिंकत असताना, कुलाब्याने दि. बां.ना निवडून दिलं. लोकांनी त्या दिवशी लग्नातली हजेरी मोजली नव्हती.

तिसरं नाव आमच्या घराघरातलं. बॅरिस्टर अ. र. अंतुले. म्हसळ्याजवळच्या आंबेतचे. महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झालेले पहिले मुसलमान. निराधारांना पेन्शन त्यांच्या काळात मिळू लागली आणि कुलाबा जिल्ह्याला रायगड हे नाव त्यांनी दिलं. सिमेंट प्रकरणात उच्च न्यायालयाचा निकाल विरोधात गेला आणि १९८२ च्या जानेवारीत त्यांना पद सोडावं लागलं, हेही त्याच इतिहासात आहे. १९८९, १९९१, १९९६ आणि २००४ ला ते इथून लोकसभेत गेले. २००६ मध्ये अल्पसंख्याक मंत्रालय नव्याने निघालं, त्याचे पहिले मंत्री तेच. सच्चर समितीचा अहवाल त्याच वर्षी आला. आणि २००८ मध्ये, त्यांच्याच मंत्रिपदाच्या काळात, ती मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती सुरू झाली जी मी वर सांगितली.

त्याचं श्रेय त्यांना जातं, ते मी कापत नाही. माझं भांडण आहे ते आमच्या समजुतीशी. आमच्याकडे ती योजना 'साहेबांनी दिली' म्हणून आली. हक्क म्हणून आली नाही, भेट म्हणून आली. भेट देणारा गेला आणि चौदा वर्षांनी भेट परत घेतली गेली, तेव्हा कुणाच्या दारात जायचं हेच मोहल्ल्याला सुचेना. हक्क असता तर पुढच्या खासदाराला विचारलं असतं, त्याचं नाव काहीही असो आणि पक्ष कुठलाही असो. 'आपला माणूस' या शब्दाची ही खरी किंमत आहे. आपला आहे तोवर विचारायचं नाही कारण तो आपला, आणि परका आला की विचारायचं नाही कारण तो परका. मग विचारायचं कधी?

खासदारांना हे नीट ठाऊक आहे. आपण विचारत नाही म्हणून त्यांनी निसटायच्या तीन वाटा करून ठेवल्यात. त्या ओळखायला शिकलं पाहिजे.

पहिली वाट गैरहजेरीची. ३० जुलै २०१९ ला तिहेरी तलाकचं विधेयक राज्यसभेत मंजूर झालं, ९९ विरुद्ध ८४ मतांनी. सरकारकडे तिथे बहुमत नव्हतं. विरोधातले अनेक सदस्य त्या दिवशी आलेच नाहीत आणि त्या यादीत शरद पवार आणि प्रफुल्ल पटेल हीही नावं होती. आता या विषयावर आपल्यात दोन मतं आहेत. चिपळूणजवळच्या मिरजोळीच्या हमीद दलवाईंनी १९६६ मध्ये सात मुस्लिम बायकांना घेऊन मुंबईच्या विधिमंडळावर मोर्चा नेला, तेव्हापासून आहेत. एका दमात दिलेला तलाक बाईचं आयुष्य कसं उधळतो, हे बाई म्हणून मला वेगळं शिकवायची गरज नाही. नवऱ्याला तुरुंगात टाकून त्या बाईचं पोट कसं भरणार, हा प्रश्नही खोटा नाही. तुम्ही कुठल्याही बाजूला असा, गैरहजर राहणाऱ्याने दोन्ही बाजूंना फसवलं. बाजूने असाल तर त्याने पाठिंबा दिला नाही, विरोधात असाल तर त्याने विरोध केला नाही. आणि गावात आल्यावर दोघांनाही 'मी तुमच्याच सोबत' म्हणायला मोकळा. त्या सात बायकांनी उन्हात सभागृहाचा दरवाजा गाठला. सदस्यांना तर आत बसायला खुर्ची आहे.

दुसरी वाट आवाजी मतदानाची. 'होय'वाले ओरडतात, 'नाही'वाले ओरडतात आणि कुठला आवाज मोठा ते अध्यक्ष ठरवतात. कोण काय म्हणालं याची नावानिशी नोंद राहत नाही. २० सप्टेंबर २०२० ला राज्यसभेत शेतीची दोन विधेयकं अशीच मंजूर झाली. विरोधक मतविभाजन मागत होते, ते मिळालं नाही. ज्या कायद्यांसाठी शेतकरी पुढे वर्षभर दिल्लीच्या सीमेवर बसले, त्यांच्यावर कुणी कुठलं मत दिलं याची यादीच नाही.

तिसरी वाट व्हिपची. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत दिलं किंवा मताला दांडी मारली तर खासदारकी जाऊ शकते. उद्देश चांगला होता, आयाराम-गयाराम थांबवायचे होते. झालं असं की खासदाराला मतदाराची भीती राहिली नाही, पक्षप्रमुखाची राहिली. आणि पक्षच फुटला तर? २०१९ ला रायगडने सुनील तटकरे यांना निवडून दिलं, ते राष्ट्रवादी-काँग्रेस आघाडीचे उमेदवार म्हणून. जुलै २०२३ मध्ये पक्ष फुटला आणि ते अजित पवारांसोबत सत्तेच्या बाजूला गेले. २०२४ ला ते पुन्हा उभे राहिले आणि ८२ हजारांवर मताधिक्याने निवडून आले. तो लोकांचा कौल आहे आणि तो मला मान्य आहे. माझा मुद्दा मधल्या दहा महिन्यांचा आहे. ज्या मताच्या जोरावर खासदार एका बाकावरून उठून दुसऱ्या बाकावर बसतो, त्या मतदाराला गावात येऊन कारण सांगावं, अशी एक ओळही आपल्या कायद्यात नाही. गावच्या थेट निवडून आलेल्या सरपंचावर अविश्वास आला तर तो ग्रामसभेपुढे जातो. सोळा लाखांच्या प्रतिनिधीला ग्रामसभा नाही.

म्हणून काही जण खासदार परत बोलावण्याचा अधिकार मागतात. ब्रिटनमध्ये २०१५ पासून मर्यादित स्वरूपात तो आहे. ठरावीक गैरवर्तन सिद्ध झालं आणि मतदारसंघातल्या दहा टक्के मतदारांनी सह्या केल्या तर जागा रिकामी होते. मला ही वाट आपल्याकडे धोक्याची वाटते. आजच्या वातावरणात खासदाराने चोरी केली म्हणून सह्या गोळा होणार नाहीत. एखाद्या दंगलीनंतर तो चुकीच्या मोहल्ल्यात विचारपूस करायला गेला म्हणून होतील. मला त्याला खाली ओढायचं नाही, त्याला बोलतं करायचं आहे.

यावर घरचेच आक्षेप घेतात. पहिला, 'व्हिप आहे, तो बिचारा काय करणार?' व्हिप मतावर असतो. प्रश्न विचारायला व्हिप आड येत नाही. अल्पसंख्याक मंत्र्याला पत्र लिहायला, समितीत बोलायला, गावात येऊन 'मी असं मत दिलं, कारण हे' म्हणायला कुठलाही व्हिप अडवत नाही. आणि देशमुखांच्या डोक्यावर तर अख्खं मंत्रिमंडळ होतं.

दुसरा आक्षेप, 'मोठ्यांना असं विचारणं बरं दिसत नाही.' हे जुम्म्याला पहिल्या सफेत बसणारे लोक म्हणतात, तेव्हा मला नवल वाटतं. हजरत उमर मिंबरवर उभे असताना एका माणसाने त्यांना अडवलं. सगळ्यांच्या वाट्याला एकेक चादर आली, तुमच्या अंगावर दोन कशा? खलिफांनी त्याला बाहेर काढलं नाही. मुलाला उभं केलं आणि मुलाने सांगितलं की माझी चादर मी वडिलांना दिली. मगच पुढे बोलणं झालं. हा किस्सा आपण खुत्ब्यात मान डोलावत ऐकतो. बाहेर येऊन खासदाराच्या गाडीचं दार उघडायला धावतो.

तिसरा आक्षेप खरा आहे, आणि तो हळू आवाजात येतो. 'आपण थोडे आहोत. विचारलं तर नजरेत येऊ. उद्या काही झालं तर हाच माणूस लागेल.' या भीतीला मी हसणार नाही, तिला कारणं आहेत. पण हा व्यवहार नीट पाहा. आपण मत देतो ते संरक्षणाच्या आशेवर, आणि त्या बदल्यात शाळा, शिष्यवृत्ती, दवाखाना, सगळ्यांवरचा दावा सोडून देतो. संरक्षण तर संविधानाने आधीच दिलंय, ते देणं पोलिसांचं आणि जिल्हा प्रशासनाचं काम आहे. म्हणजे जे आपलंच आहे, ते आपण मत देऊन पुन्हा विकत घेतो आहोत. आणि थोडे असण्याचं म्हणाल, तर २०१४ ला याच रायगडची जागा २,११० मतांनी ठरली होती. तेवढी माणसं जुम्म्याच्या दिवशी आपल्या तालुक्यातल्या मशिदींमध्ये सहज भरतात.

शिवाय आपण एकटे का विचारू? शेजारच्या आळीचं दुखणं वेगळं आहे का? मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण २०११ पासून चाललंय. कोकणातल्या एका वकिलाला त्यासाठी उच्च न्यायालयात जावं लागलं आणि तिथे सरकार तारखांमागून तारखा देत राहिलं. वडखळच्या पुढे खड्ड्यात आपटणाऱ्या बसमध्ये सगळ्यांची कंबर एकाच वेळी मोडते. किनाऱ्याचं तेच. २०१९ च्या सीआरझेड अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावरचा ना-विकास पट्टा २०० मीटरवरून ५० मीटरवर आणला. ती दिल्लीतल्या पर्यावरण मंत्रालयातून निघाली, अलिबागच्या तहसीलमधून नाही. किहीमच्या किनाऱ्याला लागून बंगले कुणाचे उभे राहणार आणि सुरूच्या झाडांखालची वाळू कुणाची जाणार, हा प्रश्न खासदारानेच विचारायचा आहे.

मग करायचं काय? त्यासाठी मोर्चा लागत नाही, वही लागते. आमच्या किहीमची ओळख जगात पोहोचली ती सालिम अलींमुळे. १९३० च्या आसपास नोकरी नसलेल्या दिवसांत ते इथे राहिले आणि सुगरणीच्या घरट्यांकडे रोज बसून पाहत राहिले. कोण आला, किती विणलं, केव्हा गेला, सगळं टिपलं. त्यातून कळलं की नर घरटं अर्धंच विणतो. मादी येते, आत शिरून तपासते, पसंत पडलं तरच राहते. मग तो ते पुरं करतो. आपण अर्धं घरटं बाहेरूनच पाहून पाच वर्षांसाठी राहायला जातो.

वहीत लिहायच्या गोष्टी अवघड नाहीत. लोकसभेच्या संकेतस्थळावर प्रत्येक खासदाराच्या नावापुढे त्याचे प्रश्न आणि भाषणं असतात. वक्फ दुरुस्ती विधेयक ३ एप्रिल २०२५ च्या पहाटे लोकसभेत २८८ विरुद्ध २३२ मतांनी मंजूर झालं. ते आवाजी नव्हतं, मतविभाजनाने झालं, म्हणजे कोणी काय मत दिलं याची नोंद आहे. त्या कायद्यावर रात्र-रात्र व्हॉट्सअॅप तापवणाऱ्यांपैकी किती जणांनी रायगडच्या नावापुढची नोंद उघडून पाहिली? केंद्राच्या योजनांवर जिल्ह्यात देखरेख ठेवणारी 'दिशा' समिती असते, तिचं अध्यक्षपद लोकसभेच्या खासदाराकडे असतं आणि तिची बैठक दर तिमाहीला अपेक्षित आहे. किती झाल्या आणि त्यांत शिष्यवृत्तीचा विषय आला का, हे माहिती अधिकारात दहा रुपयांत मागता येतं.

आणि ग्रामसभा आहेच. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. यांपैकी एका ग्रामसभेत ठराव घ्या की खासदारांनी वर्षातून एकदा गावात येऊन, हार न घेता, एक तास उत्तरं द्यावीत. प्रश्न आधी लेखी पाठवा. माझे पाच प्रश्न हे:

या वर्षी लोकसभेत किती प्रश्न विचारले आणि त्यांतले किती रायगडचे होते? कुठल्या विधेयकांवर मत दिलं, कुठल्या वेळी गैरहजर होता आणि का? पहिली ते आठवीची शिष्यवृत्ती परत सुरू व्हावी म्हणून काय केलं? महामार्ग आणि किनारा यांबद्दल कुठल्या मंत्र्याला काय लिहिलं आणि उत्तर काय आलं? 'दिशा'च्या बैठका किती घेतल्या?

जमातीच्या बैठकीत हे प्रश्न वाचा, आणि बायकांनाही त्या बैठकीत बसवा, कारण शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर आईचीच धावपळ असते. मग तोच कागद शेजारच्या आळीत घेऊन जा. खासदाराला जमलं नाही तर त्याने लेखी कळवावं. ते पत्र ग्रामपंचायतीच्या आणि मशिदीच्या फलकावर लावा, आणि पत्रही आलं नाही तर रिकामा कागद तारखेसह लावा.

तटकरेसाहेब असोत किंवा उद्या आणखी कुणी, ही मागणी कुणा एका पक्षाविरुद्ध नाही. खासदाराला महिन्याला एक लाख चोवीस हजार रुपये पगार आहे, भत्ते वेगळे. तो आपण देतो. माझ्या शाळेत मस्टरवर सही नसेल तर पगार कापला जातो आणि टाचण लिहिलेलं नसेल तर तपासणीत लेखी खुलासा द्यावा लागतो. तेवढाच खुलासा मी मागते आहे.